थ्रेड : सी-स्कायच्या पोटातले ‘परके’ मशीन

फेवर-लुबाचे ‘सी-स्काय’ हे क्रोनोग्राफ घड्याळ २०२४ मध्ये नव्या रूपात बाजारात आले. तेव्हापासून ठाणे-डोंबिवलीच्या हौशी संग्राहकांत एकच आक्षेप घोळतो आहे : याचे मशीन कंपनीचे स्वतःचे नाही. लाखांच्या घरात किंमत मोजायची आणि झाकणाखाली दुसऱ्याच स्विस कारखान्याचे मशीन निघायचे, ही वारशाची विटंबना होय, असे हे म्हणणे. ते मोठ्या आवेशाने मांडले जाते. इतिहासाशी मात्र त्याचा फारसा संबंध नाही.

कारण मूळ सी-स्कायचे मशीन तरी स्वतःचे कुठे होते? १९६०च्या दशकातल्या ज्या सी-स्कायसाठी आज संग्राहक जीव टाकतात, त्यात व्हालजू कारखान्याचे मशीन होते. व्हालजू ७२ हे त्या काळचे नामांकित मशीन. १९६३ साली आलेल्या रोलेक्स डेटोनाच्या पोटातही तेच होते, होयरच्या कॅरेरातही तेच. डेटोनाने १९८८ मध्ये व्हालजू सोडले ते झेनिथचे मशीन घेण्यासाठी, आणि रोलेक्सचे संपूर्ण स्वतःचे क्रोनोग्राफ मशीन त्यात बसले ते थेट २००० साली. म्हणजे ‘परके मशीन म्हणजे हलके घड्याळ’ हा नियम लावायचा ठरवला, तर जगातले सर्वांत प्रतिष्ठित क्रोनोग्राफ पहिली सदतीस वर्षे हलकेच होते असे म्हणावे लागेल. ते म्हणायला कोणी तयार नाही.

असे का घडे, हे मशीनच्या रचनेतून कळते. साध्या घड्याळात एकच चक्रमालिका अखंड चालते. क्रोनोग्राफमध्ये मात्र चालत्या मालिकेला दुसरी मालिका मध्येच जोडायची, बटण दाबताच तोडायची आणि पुन्हा दाबताच सर्व काटे एका झटक्यात शून्यावर आणायचे असतात. आणि हे सारे मूळ घड्याळाची चाल न बिघडवता. व्हालजू ७२ मध्ये हा हुकूम सोडणारे लहानसे खांबांचे चाक असते. खांब आणि खाच आळीपाळीने समोर येतात आणि त्यांवर टेकलेले तरफांचे दांडे उठतात किंवा पडतात. हे दांडे जुळवणे इतके नाजूक आणि खर्चिक काम, की ते मोजक्याच कारखान्यांनी करावे आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून मशीन घ्यावे, अशी स्विस धंद्याची रीतच पडली. ‘स्वतःचे मशीन’ हे अलीकडच्या जाहिरातींनी घडवलेले सोवळे आहे.

गंमत अशी की फेवर-लुबाकडे खरोखर स्वतःचे म्हणावे असे मशीन होते. १९६२ मध्ये आलेले, दोन स्प्रिंगपेट्यांचे, जाडीला तीन मिलिमीटरांहूनही कमी असे चावीचे मशीन. ते क्रोनोग्राफ नव्हते. साध्या तीन काट्यांच्या घड्याळांत ते बसे. आज त्याच्यासाठी कोणी गळा काढत नाही. तीन काट्यांच्या घड्याळाला लिलावात काय भाव येणार?

या वादाचा अधिक खटकणारा भाग पुढे आहे. कंपनीची वंशावळ १७३७ पासून सांगितली जाते आणि फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला, हेही अभिमानाने सांगितले जाते. मुंबई ही या नावाची जुनी पेठ होती, यात शंका नाही. २०११ मध्ये टायटनने आणि २०२३ मध्ये इथॉसने हे नाव विकत घेतले, ते त्या जुन्या ओळखीच्या बळावरच. परंतु मुंबईच्या पेठेचा इतिहास हा पाणबुड्यांचा आणि वैमानिकांचा इतिहास नव्हे. तो लोकलचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणला. पुढे रेल्वे मद्रासची वेळ पाळी आणि शहर मुंबईची. दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. अशा मुलखात घड्याळ हा दागिना कमी आणि गाडी चुकू नये म्हणून बाळगायचे अवजार अधिक. डोंबिवलीहून फोर्टात जाणाऱ्या कारकुनाच्या मनगटावर क्रोनोग्राफ क्वचितच दिसे. असे ते सी-चीफ, वेस्ट एंड किंवा एचएमटीचे जनता. आणि जनताचे मशीन? तेही जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घडलेले. त्याला परके म्हणण्याची छाती अजून कोणा संग्राहकाला झालेली नाही.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले. १९६२च्या कस्टम्स कायद्याचे कलम १२३ पाहावे : चोरटा माल असल्याच्या संशयावरून जप्त झालेली वस्तू तशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्या वस्तूंबाबत मालकावर टाकला आहे, त्यांत सोन्याच्या बरोबरीने घड्याळाचे नाव आहे. अशा काळात सुटे भाग मिळणार कुठून? म्हणून दुरुस्तीवाल्यांनी तीन बंद घड्याळांतून एक चालते केले, पावसाळी दमटपणाने काळवंडलेली तबकडी पुन्हा रंगवली, मिळतील ते काटे बसवले. हीच घड्याळे आज जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात, आणि आपल्याकडचे तरुणही त्यांच्यामागून तोच शब्द उच्चारतात.

येथे भेद करायला हवा. भडक रंगाची तबकडी चढवून ‘दुर्मीळ’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, तिची वकिली करण्याचे कारण नाही. परंतु धन्याच्या हातावर चालावे म्हणून दुरुस्त केलेले घड्याळ खोटे कसे? नव्या सी-स्कायला विकत घेतलेल्या नावावर वारसदार म्हणायचे आणि चाळीस वर्षे कल्याणच्या गर्दीत वेळ दाखवलेल्या सी-चीफला तबकडी बदलली म्हणून वारशातून बेदखल करायचे, हा न्याय उफराटा आहे.

नव्या घड्याळाला विचारायचाच असेल तर प्रश्न दुसरा आहे : तीस वर्षांनी त्याचा दांडा झिजला, तर सुटा भाग स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याला मिळेल की घड्याळ कंपनीच्याच केंद्रात धाडावे लागेल? मशीन कोणी बनवले यापेक्षा ते कोणाला उघडता येईल, यावर त्याचे आयुष्य ठरते.

आणि जुन्यांबाबत एक. घड्याळ उघडले की दुरुस्तीवाले झाकणाच्या आतल्या बाजूला टोकदार हत्याराने तारीख किंवा खूण कोरत. भिंगातून पाहिल्यास एकेका सी-चीफमध्ये अशा कितीतरी खुणा सापडतात. ‘अस्सल आणि निष्कलंक’ झाकण शोधून बसवण्याच्या हौसेत ते ओरखड्यांचे झाकण भंगारात जाते.