टर्बो गेला म्हणे!

‘टर्बो गेला’ हे निदान नव्हे, ते बिलाचं पहिलं वाक्य आहे. गाडी घाटात उचलत नाही, मागून धूर मारते, ऑइलही खाते, एवढं काउंटरवर सांगायचा अवकाश. बॉनेटचा खटका ओढायच्या आधीच ॲडव्हायझर हे वाक्य म्हणून मोकळा होतो. चेहरा गंभीर, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. ऑइलचं गेज काढून बघायला बोटं काळी करावी लागतात. तेवढी वेळ त्याने स्वतःवर कधी येऊ दिलेली मी पाहिलेली नाही.

माझी सारी नोकरी इंजिनच्या टेस्ट बेडवर गेली. एखादं इंजिन दाब धरत नसेल आणि कुणी लगेच ‘टर्बो बदला’ म्हणालं, तर सुपरवायझर त्याला शॉपबाहेर उभा करायचा. आधी आकडा दाखव, मग पार्टचं नाव घे, असा तिथला रिवाज. निवृत्त होऊन आंबीत राहायला आलो तेव्हा कळलं, की हा रिवाज कारखान्याच्या कंपाउंडबाहेर कुणाला ठाऊकच नाही.

हे आंबीत व्हावं याची चीड जास्त येते. तळेगाव एमआयडीसी आमच्या उंबऱ्याशी आहे. इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून 2008 पासून गाड्या बाहेर पडल्या. त्यांच्या बीट डिझेलचं 936 सीसीचं इंजिन म्हणजे फियाटच्या 1248 सीसी मल्टिजेटचंच एक सिलिंडर कमी केलेलं भावंड, टर्बोसकट. 2017 च्या अखेरीस कंपनीने देशातली विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरात उत्पादनही थांबलं, आणि जानेवारी 2024 मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला. कारखाना चालू होता त्या काळात इथल्या कितीतरी पोरांनी टर्बोची इंजिनं हाताळली. तरीही त्याच पोरांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक फाटका होज शोधणारा माणूस मिळत नाही, आणि ‘टर्बो गेला’ हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. अल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरने टर्बोचं पेटंट 1905 साली घेतलं. इतक्या जुन्या यंत्राविषयी एवढं गूढ बाळगायला काही लाज?

आता पुतण्याच्या डिझेल गाडीची हकीकत. रोज आंबी ते चाकण, अधूनमधून मुंबई. परतताना खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढू लागला की गाडी मरगळायची. शिंगरोबाच्या देवळापाशी तर भरलेले ट्रक मागून हॉर्न देऊ लागले. शिंगरोबाला रुपया वाहून भागलं, सर्व्हिस सेंटरला भागेना. एस्टिमेट आलं अर्ध्या लाखाच्या पुढे: नवा टर्बो, आणि खाली पेनाने एक ओळ, ‘रिंगा बघाव्या लागतील, इंजिन खोलल्यावर कळेल.’

“काका, स्कॅनरवर कोड आलाय म्हणतात,” पुतण्या म्हणाला.

कोड होता पी-0299. त्याचा अर्थ इतकाच, की कंप्युटरने जेवढा बूस्ट मागितला तेवढा मिळाला नाही. म्हणजे गाडी उचलत नाही. हे तर पुतण्याने काउंटरवर मराठीत फुकट सांगितलं होतं! स्कॅनरने तक्रार परत वाचून दाखवली, त्यांनी तिलाच कारण समजून पावती फाडली. शाफ्टचा प्ले बघितला का, होज तपासले का, कॉम्प्रेशन घेतलं का, मागितलेला बूस्ट किती आणि मिळालेला किती? जॉबकार्डावर यातलं एक अक्षर नव्हतं.

आम्ही घरासमोर सुरुवात केली. चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्डच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. लोणावळा सहाशे मीटरच्या वर, आमचा परिसरही तसाच उंच, म्हणजे 94 किलोपास्कलच्या आसपास. खोपोलीत तोच सेन्सर 100 दाखवेल. इथे उभ्या गाडीत 100 दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, टर्बो बिचारा निर्दोष. आमचा सेन्सर खरा निघाला. मग नवलाख उंबऱ्याच्या रस्त्याला गाडी ताणली: मागणी 210 ची, मिळतात 140. दाब कुठेतरी गळतोय किंवा तयारच होत नाही. या दोन शक्यता वेगळ्या करायला अर्धा तास आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

हवेचा पाइप काढला आणि टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवला. मागेपुढे हालचाल जवळपास शून्य, बाजूला किंचित. हा बाजूचा किंचित प्ले बघून कित्येक मिस्त्री ‘हा बघा ढिला’ म्हणतात. अहो, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणारा तो शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असताना ऑइलचा दाब नसतो, तेव्हा तो थोडा हलणारच. पाती घराला घासलेली नाहीत ना, ते बघायचं. नव्हती. ॲक्च्युएटरचा दांडा सरकत होता, व्हॅक्यूमची बारकी नळी शाबूत होती. व्हेरिएबल टर्बो असता तर आतली पाती काजळीने अडकलीत का तेही बघावं लागलं असतं.

मग टर्बोपासून इंजिनपर्यंतची वाट दोन्हीकडून बंद केली, रेग्युलेटर लावून बेताची हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. इंटरकूलरच्या खालच्या होजवर, बरोबर क्लिपखाली, फेस आला. नुसत्या डोळ्यांना चीर दिसत नव्हती. दाब आला की तोंड उघडायची, दाब गेला की मिटायची. हवा मोजणारा सेन्सर आधी, गळती नंतर. त्यामुळे कंप्युटरच्या हिशेबात हवा भरपूर, तो त्या मापाने डिझेल टाकणार, हवा मात्र रस्त्यात सांडलेली. म्हणून काळा धूर. नवा होज एस्टिमेटच्या रकमेपुढे चिल्लर होता.

त्या होजभोवती ऑइलची ओल होती. तीच दाखवून सर्व्हिस सेंटरने टर्बोला फाशी सुनावली होती. इथे सगळ्यात मोठी लबाडी आहे, किंवा अज्ञान म्हणा. ग्राहकाच्या खिशाला दोन्ही सारखंच पडतं. इंजिनच्या ब्रीदरमधून निघणारी ऑइलची वाफ टर्बोकडे जाणाऱ्या हवेच्या पाइपात सोडलेली असते. पाइपात ऑइलचा पातळ थर असणं चांगल्या गाडीतही नेहमीचं. होज फाटला की तेच ऑइल बाहेर दिसतं. पाइपात तळं साचलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही टर्बो हा पहिला आरोपी नव्हे.

टर्बोच्या शाफ्टला दोन्ही टोकांना रबरी सील नसतात. पिस्टनच्या रिंगेसारख्या बारक्या रिंगा असतात, आणि ऑइल थोपवण्याचं बरंचसं काम दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक करतो. ऑइल परत संपमध्ये नेणारा पाइप चोंदला, ब्रीदर तुंबून क्रँककेसमध्ये दाब चढला, किंवा एअर फिल्टर इतका भरला की टर्बो हवेऐवजी ऑइल ओढू लागला, तर धडधाकट टर्बोही ऑइल टाकतो. अशा गाडीत नवा टर्बो बसवा, तोही टाकेल. आणि जुना टर्बो ऑइलच न मिळाल्याने मेला असेल, संपची जाळी गाळाने बुजल्याने किंवा कुणी फ्लँजला भसाभस लावलेल्या सिलिकॉनचा तुकडा फीड पाइपात अडकल्याने, तर नवाही त्याच मरणाने मरणार. मग सेंटर म्हणतं, ‘पार्ट डिफेक्टिव्ह निघाला, सर.’ विचारच डिफेक्टिव्ह होता, ते म्हणायचं राहिलं.

पुतण्याच्या एअर फिल्टरमध्ये तळेगाव-चाकण रस्त्याची निम्मी धूळ होती आणि ब्रीदर काळ्या चिखलाने भरलेला. दोन्हींचा बंदोबस्त केला. आता ऑइल किती खाते? ‘बरंच खाते’ हे माप नव्हे. सपाट जागा, गाडी बंद करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटर चालवा, त्याच जागी त्याच पद्धतीने पुन्हा बघा आणि मापून भरा. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालवून घेतात, तेव्हा आकडा हाताशी नसताना भांडायला जाऊ नका. पुतण्याच्या गाडीची भूक बरीच उतरली, पण पूर्ण गेली नाही. सकाळी चालू करताना निळ्या धुराचा एक भपका येतो आणि विरतो; ते व्हॉल्व्ह सील. चढावर जोर लावताना सतत निळा धूर आला असता तर मी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन घेऊन रिंगांवर बोललो असतो. बराच वेळ उभ्याने चालू ठेवल्यावर निळा धूर आला असता तर टर्बोकडे पुन्हा वळलो असतो. सकाळच्या भपक्यासाठी इंजिन खोलायचं नाही, टॉपअप करायचा, असं त्याला सांगितलं.

मालकांनाही सोडणार नाही. सहा एअरबॅगा आणि सनरूफ मोजून घेणाऱ्याला आपल्या गाडीचं गेज कुठे आहे ते माहीत नसतं. चाकणच्या कोंडीत इंजिन तासन्‌तास चालतं आणि किलोमीटर सरकत नाहीत; हे म्हणणार, ‘ऑइलला अजून चार हजार बाकी आहेत.’ तापलेल्या ऑइलला तुमचा ओडोमीटर दिसत नाही. घाट जोरात चढून लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानापुढे गाडी लावायची आणि त्याच क्षणी चावी फिरवायची, हा दुसरा पराक्रम. टर्बाइनचं घर तेव्हा लाल होण्याच्या बेतात असतं. ऑइल थांबलं की बेअरिंगमधल्या ऑइलचा जळून कोळसा होतो. मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, चिक्की कुठे जात नाही.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जाळून साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं. छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहिली की काही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. गेजवर पातळी कमी न होता वाढते. ‘माझी गाडी थेंबभर खात नाही’ म्हणून मिरवणाऱ्याने गेजचा वास घ्यावा.

हे सगळं ‘चलता है’ म्हणून सोडलंत तर डिझेलमध्ये एक भयंकर प्रकार होतो. टर्बोतून ऑइल भरभरून इंजिनात गेलं की इंजिन त्याच ऑइलवर धावू लागतं आणि चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडीत तत्काळ वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा आणि इंजिन गुदमरवायचं. ते जमलं नाही तर लांब पळायचं. बॉनेट उघडून डोकावायचं नाही.

म्हणून एस्टिमेटवर सही करण्याआधी लेखी मागा: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, शाफ्टचा प्ले, होजची गळती तपासल्याची नोंद, ब्रीदर आणि रिटर्न पाइप कशा स्थितीत आहेत ते. टर्बो बदललाच तर तो का मेला ते कागदावर घ्या आणि जुना टर्बो डिकीत टाकून घरी आणा. द्यायला का-कू केली तर चावी परत घ्या आणि गाडी दुसरीकडे न्या.