जी-एचची भानगड

एन-आय-जी-एच-टी नाईट, नाईट म्हणजे रात्र. मराठी शाळेत घोकून घोकून इंग्रजी शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी ही चाल म्हणता येते. त्यात जी-एच कशाला, असं विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर ‘ते सायलेंट असतं’ एवढं ऐकायला मिळायचं. दोन ओळी खाली लाफ यायचं, लाफ म्हणजे हसणे, आणि तिथे तेच सायलेंट जी-एच खुशाल ‘फ’ होऊन बसलेलं असायचं.

त्याला ओ-यू जोडले की मग कहरच. दो म्हणजे जरी, थ्रू म्हणजे आरपार, कफ म्हणजे खोकला, रफ म्हणजे खडबडीत, बाव म्हणजे झाडाची फांदी, थॉट म्हणजे विचार. सहा शब्दांत ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं तीच, आणि उच्चार सहा. आपल्याकडे याला इंग्रजांचा तिरपागडेपणा म्हणून हसतात. मला मात्र त्यातलं निम्मं तरी हसण्यासारखं वाटत नाही, कारण हे जी-एच एके काळी बोलत होतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाईटच्या मधोमध घशातून घासत येणारा एक आवाज होता, साधारण उर्दूतल्या नुक्तेवाल्या ‘ख’सारखा. तेव्हा तो नुसत्या एचने लिहीत. 1066 साली नॉर्मन आले आणि पुढे लेखनिकांवर फ्रेंच वळणाचा पगडा बसला. या खरखरीसाठी हळूहळू जी-एच ही जोडी रूढ झाली. पुढे दक्षिण इंग्लंडच्या लोकांनी ती खरखर बोलण्यातून टाकून दिली. काही शब्दांत ती ओठांकडे सरकून ‘फ’ झाली. लाफ, कफ, रफ, टफ, इनफ ही ती मंडळी. स्पेलिंग तोवर बऱ्यापैकी ठरून गेलं होतं, ते कोण बदलणार! जर्मनांनी मात्र आवाज टिकवला. त्यांची रात्र अजून ‘नाख्ट’ आणि मुलगी ‘टोख्टर’ आहे.

आता त्या मुक्या अक्षरांच्या जागी संस्कृतात काय आहे पाहा. नाईट आणि आपलं नक्त एकाच मुळातले. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं त्या नक्त व्रतातलं नक्त. त्यातला ‘क्’ तिकडे जी-एच झाला. एट म्हणजे आठ; अष्टमधल्या ‘ष्’च्या जागी तिकडे जी-एच. डॉटर म्हणजे मुलगी, आपली दुहिता. दुहितेचा ‘ह’ जिथे आहे तिथेच डॉटरचं जी-एच. इंग्रजांची जीभ जे विसरली ते त्यांच्या कागदाने जपून ठेवलं.

अर्थात या घराण्यात दत्तक न घेताच घुसलेलेही आहेत. डिलाइट म्हणजे आनंद, हा मूळचा फ्रेंच. त्याच्या तोंडी ती खरखर कधीच नव्हती. पण लाइट, नाईट, राइट यांच्या पंगतीत बसायचं म्हणून सोळाव्या शतकात त्याने जी-एच लावून घेतलं. हॉटी म्हणजे उद्धट, हाही फ्रेंचच, आणि हे अक्षरांचं लोढणं त्यालाही कुणीतरी उगीच अडकवलेलं. सगळ्यात गमतीचा हिकप, म्हणजे उचकी. उचकीचा खोकल्याशी काहीतरी संबंध असणार असं कुणाला तरी वाटलं आणि शेवटी चक्क कफचं स्पेलिंग चिकटवलं गेलं. वाचायचं मात्र हिकपच! हे स्पेलिंग कोशात अजून आहे. बँकेच्या ड्राफ्टचं नेमकं उलटं झालं: ड्राफ्ट हा जी-एचवाला अस्सल वारसदार, पण उच्चाराप्रमाणे एफ लिहून मोकळा झाला. पिंपातल्या बिअरसाठी इंग्रज अजून जुनंच स्पेलिंग लिहितात.

घोस्ट म्हणजे भूत. याच्यात एच नव्हता. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला. त्याआधी अनेक वर्षं तो फ्लँडर्सकडे राहिलेला. तिकडे भुताच्या शब्दात जी-एच लिहीत, ते छपाईबरोबर इकडे आलं. गूज म्हणजे हंस, गोट म्हणजे बकरी, गर्ल म्हणजे मुलगी, यांनाही त्याच्या पुस्तकांत एच लागला होता. हंस, बकरी आणि मुलगी सुटल्या. भुताला लागलेला एच काही उतरला नाही.

आपल्याकडून इंग्रजीत गेलेलं जी-एच मात्र बावनकशी. घी, घाट, घडियाल. इथे ते सरळ ‘घ’ आहे, ना मुकं ना ‘फ’. (डिंगी या होडीला लावलेला एच तेवढा साहेबाचा, लोकांनी ‘डिंजी’ वाचू नये म्हणून.) ठाण्याला माजिवड्यापाशी हायवे आणि घोडबंदर रोड भेटतात. ती दोन नावं इंग्रजीत शेजारी शेजारी लिहून पाहा. हायवेतलं जी-एच गप्प, घोडबंदरमधलं दणदणीत, आणि रिक्षावाला दोन्ही न अडखळता वाचतो.

हा पसारा आवरायचा प्रयत्न अमेरिकेने केला होता. 1906 साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने सरकारी छापखान्याला तीनशे शब्द सुटसुटीत लिहायचा हुकूम सोडला. दो आणि थ्रू यांचं जी-एच त्यात कापलं होतं. वर्तमानपत्रांनी इतकी टिंगल केली आणि काँग्रेसने असा विरोध केला की हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ने 1934 पासून हाच उद्योग हट्टाने चालवला आणि 1975 मध्ये तोही नाद सोडला. माझं मत विचाराल तर बरंच झालं. नक्ताशी असलेलं नाईटचं नातं पुसून कुणाचं भलं होणार होतं? पण राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाने जे जमलं नाही ते बर्गरवाल्यांनी करून दाखवलं. गाडीतून न उतरता खाणं घ्यायच्या खिडकीवर ‘ड्राइव्ह-थ्रू’ लिहिताना त्यांनी जी-एच गाळून टाकलं, आणि त्याबद्दल एकाही व्याकरणपंडिताने रांग सोडल्याचं ऐकिवात नाही.