घराण्यात साखर असेल, तर तंबाखूचाही प्रश्न विचारा




१४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, गावोगावी तपासणी शिबिरे भरतात. केसपेपरवर ‘घरात कोणाला साखर आहे का?’ हा प्रश्न हमखास असतो. तंबाखूचा रकाना मात्र अनेकदा न विचारताच ‘नाही’ म्हणून भरला जातो. समोरच्याच्या खिशातून विडीचे बंडल डोकावत असले तरीही. बायकांना विचारले, तर ‘तंबाखू कुठली, नुसती मिश्री लावते’ असे उत्तर येते. आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना हे मी सतत पाहिले.

‘वडिलांना होती, मलाही होणारच, मग विडीने आणखी काय बिघडणार?’ हा हिशेब तर घातकच आहे. धूम्रपान करणाऱ्यांना टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी जास्त असतो, असे २५ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत २००७ सालीच दिसले होते. स्वीडन आणि नॉर्वेतील माहितीवर आधारलेले संशोधन २०२४ मध्ये मांडले गेले. इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, असा मधुमेहाचा तीव्र प्रकार धूम्रपान करणाऱ्यांत दुपटीहून अधिक आढळला. त्यातच इन्सुलिन कमी स्रवण्याचा आनुवंशिक कल असलेल्या आणि भरपूर सिगारेटी ओढणाऱ्यांत हा धोका तिपटीच्याही पुढे गेला. म्हणजे ज्याच्या घराण्यात साखर आहे, त्यानेच विडीपासून सर्वांत आधी दूर व्हायला हवे.

टीसीएफ-७-एल-२ हे जनुक टाइप-२ मधुमेहाशी ठळकपणे जोडलेले आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, हेच जनुक मेंदूच्या ज्या भागात निकोटिनला प्रतिसाद देते, तिथून स्वादुपिंडापर्यंत संदेश जातो आणि रक्तातली साखर वाढते. व्यसन आणि साखर यांचा धागा इतका जवळचा आहे.

आपण तर आधीच नाजूक आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, आपली बाळे वजनाने कमी असूनही अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात. काटक दिसणारा माणूस सुरक्षित आहे, असे मानून चालत नाही.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे थोडे. खरे आहे: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ते प्रौढांपैकी ३.८ टक्के होते, पण धूरविरहित तंबाखूवाले २४.४ टक्के! मळलेल्या तंबाखूबद्दलचा पुरावा विडीइतका पक्का नाही, हे मान्य. पण निकोटिन दोन्हीत आहे आणि त्या स्वीडिश-नॉर्वेजियन अभ्यासात ओठाखाली तंबाखू भरपूर ठेवणाऱ्या पुरुषांतही धोका काहीसा वाढलेला होता. मिश्रीला सौम्य समजून सोडून देऊ नये.

सोडल्यावर वजन वाढते, साखरही चढते, ही भीतीही ऐकू येते. पहिली काही वर्षे ज्यांचे वजन वाढते त्यांच्यात धोका वाढतो, हे अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दिसले. पुढे तो उतरतो आणि हृदयविकाराने मरण्याची शक्यता घटते. म्हणून सोडणाऱ्याला आहाराचा सल्ला द्यावा, भीती दाखवू नये.

आरोग्य विभागाला विनंती आहे: घरात साखर असलेल्या प्रत्येकाला विडी, तंबाखू, गुटखा, मिश्री अशी नावे घेऊन विचारावे आणि केसपेपरवर तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ छापावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. सातारा