शेवट कापलेली बातमी
व्हॉट्सॲपच्या संदेशावर उमटणारी ‘फॉरवर्डेड’ ही खूण जुलै २०१८ मध्ये आली, ती अफवांनी माणसे मारली जाऊ लागल्यानंतर. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, आठवडी बाजारी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार केले होते. त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेताना दिसत; मुळात ती कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेली होती आणि मूल परत आणून सोडत पालकांना सावध करणारा फलक दाखवणारा तिचा शेवट कोणीतरी कापला होता. ही खूण संदेश पुढे ढकललेला आहे एवढेच सांगते. त्याचा उगम, म्हणजे तो प्रथम कोणी, कुठे व कशाच्या आधारे दिला, हे वाचकालाच शोधावे लागते, आणि तसे न शोधता बनलेले मत निव्वळ उसने होय. तारीख, स्थळ आणि पोलिसांचे म्हणणे देणारी जिल्हा दैनिकातील चार ओळींची बातमी शंभर गटांत आलेल्या फितीपेक्षा निःसंशय अधिक भरवशाची असते, कारण ती चुकली तर संपादकाला जाब विचारता येतो आणि त्याने दाद दिली नाही, तर भारतीय प्रेस परिषदेकडे, म्हणजे वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेकडे, जाता येते.