आधी दरवाजा, मग स्पीकर

नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअपचालकाला गाणी ही चैन नसते, ती पहाटेपर्यंतची सोबत असते. कंपनीच्या स्पीकरमधून मात्र ती चिरकी, फाटकी ऐकू येते. पातळ कागदी कोन, छोटं चुंबक आणि भोवती थरथरणारा पत्रा!

दुकानदार खोक्यावरचे ‘४०० वॅट’ दाखवतो. तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा. पाहायची ती आरएमएस, म्हणजे सतत पेलवणारी क्षमता, आणि त्याहून जास्त संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो ते. साध्या स्टिरिओतून स्पीकरला जेमतेम १५-२० वॅट मिळतात. तेवढ्यावर ३ डेसिबल अधिक संवेदनशील स्पीकर दुप्पट ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरचं काम करतो. गिऱ्हाइकाला हे सांगायलाच हवं.

खरा पैसा दरवाजात घालावा. पॅनेल उघडून पत्र्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट रोलरने दाबून बसवली, मोठी भोकं बुजवली, की तोच स्पीकर भरदार वाजतो. तळाची, पाणी जाण्याची भोकं मात्र मोकळीच ठेवायची, नाहीतर दरवाजा गंजतो. आणि वायर जोडताना एका बाजूच्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले तर बास गायब.

हा खर्च कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळावेत यासाठी करावा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानते, आणि चालकाच्या कानावर इंजिनाची घरघर आधीच असते.