स्वमग्न मुलाच्या शेजारी बसणार कोण?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. अकोले तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास पडतो. मूल चार वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, तास तास एकच झाकण फिरवत बसते, हे ध्यानात आलेल्या आईबापांना हा प्रवास एकदा नव्हे, अनेकदा करावा लागतो. अखेर हाती प्रमाणपत्र येते. त्यावर शब्द असतो ‘स्वमग्नता’. मग पुढे काय? कायद्याचे उत्तर सरळ आहे : शाळेत घाला.

हे उत्तर मिळायलाही बराच काळ जावा लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचे नावच नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत त्याला स्थान दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर दहांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्र सरकारनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यातून न्याय मिळतो, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु ही पदे केंद्रस्तरावरची आहेत. एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. विशेष शिक्षक आज या वाडीत, उद्या त्या वस्तीवर. तो असतो तेव्हा ठीक. एरवी द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींनी फळ्याकडे पाहायचे की घंटा वाजताच कान झाकून पळत सुटणाऱ्या मुलाकडे?

इथे गरज असते ती रोज शेजारी बसणाऱ्या माणसाची. हे काम वरकरणी आयाचे वाटते; तसे ते नाही. घंटा वाजण्यापूर्वी मुलाला सूचना द्यायची, दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावायचा, खिचडीतला वाटाणा जिभेला सोसत नसेल तर ते हट्टाचे लक्षण नव्हे हे ओळखायचे. मूल बोलत नसेल तर ते बोटाने, चित्राने काय सांगते ते वर्गाला समजावून द्यायचे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, वेळ आली की दोन हात मागे सरकायचे. सतत चिकटून बसणारी मदतनीस ही मूल आणि वर्ग यांच्यामधली भिंत होते.

इंग्लंडने हा धडा किंमत मोजून घेतला. तिथे वर्गसहायकांची संख्या मोठी. पण लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, ज्या मुलांना सहायकाची मदत जास्त त्यांची अभ्यासातली प्रगती कमी, असे आढळले. दोष सहायकांचा नव्हता. त्यांना पुरेशी तयारी दिलेली नव्हती, शिक्षकांशी बोलायला वेळ नव्हता, आणि मूल सहायकाच्या हवाली झाले की शिक्षकाचा त्याच्याशी संबंध उरत नसे. आपण अजून पहिल्याच पायरीवर आहोत. पद निर्माण करतानाच एवढे लक्षात ठेवले तर बरे.

आज आपल्याकडे हे काम कोण करते? मोठ्या शहरांतल्या खासगी शाळांत पालक पदरचे पैसे मोजून ‘शॅडो टीचर’ ठेवतात. खेड्यात आई वर्गाच्या दाराशी बसते, म्हणजे तिचा रोज बुडतो. नाहीतर थोरली बहीण स्वतःचा अभ्यास सोडून सांभाळते. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्ता आहे, पण तो मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी. म्हणजे सरकारने वाटेवरचा सोबती मान्य केला, वर्गातला नाही! अंगणवाडीत मदतनीस चालते, तर पहिलीच्या वर्गात का नको? गावातलीच, मुलाच्या घरची बोली जाणणारी, बारावी झालेली एखादी सून किंवा लेक. तिला रीतसर प्रशिक्षण, केंद्रावरच्या विशेष शिक्षकाची देखरेख आणि मानधन नव्हे, वेतन. खर्च येईल. पण सगळ्याच शाळांत ती लागणार नाही; जिथे मूल आहे तिथेच लागेल.

जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या तळावर निघतात. जागा, आवाज, दिनक्रम सगळेच बदलणे स्वमग्न मुलाला फार जड जाते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. मात्र ओळखीचे, त्याची खूण समजणारे एक तरी माणूस गावात नसेल, तर त्याला कोणाच्या भरवशावर ठेवायचे? गाडी भरताना ते मूलही मग कोयत्याबरोबर चढते आणि शाळेच्या हजेरीत सहा महिने त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते.