मानक आणि झेंडू

लखनौच्या मानकनगरात रेल्वेची आरडीएसओ आहे. संस्था १९५७ ची. रूळ, डबे, ब्रेक, सिग्नल यांनी कोणत्या कसोटीला उतरायचे, ते ती ठरवते. खंडेनवमी आली की आम्हाला ही वस्ती आठवते, कारण त्या दिवशी आपल्याकडे लेथ मशीनला झेंडूचा हार पडतो, एसटीला तोरण बांधतात आणि लॅपटॉपच्या वाट्यालाही हळदकुंकू येते. उत्तरेतले कारखाने हे सारे १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा पूजेलाच उरकून घेतात.

यंत्र आले की देव जाईल, असे विसाव्या शतकातल्या शहाण्यांना वाटे. एकविसाव्या शतकात श्रद्धावंत लहानसहान पंथांपुरते उरतील, असे भाकीत समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर यांनी १९६८ मध्ये केले आणि पुढे, १९९९ मध्ये, स्वतःच मोडीत काढले. १४ ऑक्टोबर २००१ रोजी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास फ्रँकफुर्टला ‘सेक्युलरोत्तर’, म्हणजे सेक्युलर होऊनही धर्म टिकून राहिलेल्या, समाजाबद्दल बोलले, तेव्हा न्यूयॉर्कचे मनोरे कोसळून जेमतेम महिना झाला होता.

२०१९ च्या दसऱ्याला लखनौचेच खासदार, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी फ्रान्समध्ये राफेल विमानावर ॐ काढला. चाकांखाली लिंबे ठेवली गेली. हसणारे हसले, हरखणारे हरखले. आम्हाला लिंबांचे वावडे नाही. लिंबू ठेवले म्हणून कोणी नटबोल्ट तपासायचा राहत नाही. खटकते ते एवढेच की, नटबोल्टाला मानक लागते आणि धर्माला मात्र कोणी काही विचारायचे नाही.

विचारणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० च्या एका लेखात धर्मासाठी कसोट्याच घालून दिल्या: नीती हा त्याचा गाभा असावा, तो विज्ञानाशी जुळावा, त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मानावी आणि गरिबीला पवित्र ठरवू नये. धर्म नकोच, असे ते म्हणाले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्याच दिवशी, नागपुरात लाखोंसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. हाबरमास बोलले त्याच्या बरोबर पंचेचाळीस वर्षे आधी! आजही त्या दिवशी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या ठेल्यांवर मोठी गर्दी असते.

त्या चार कसोट्यांतली शेवटची आम्हाला सर्वांत अवघड वाटते. आपट्याचे पान सोने म्हणून द्यायचे, ही गरिबाची सोय की गरिबीचे कौतुक? दरवर्षी पान हातात घेताना आम्ही अडखळतो, आणि घेतो.